वाटाघाटी करा असा आदेश मिळाला, तरी टेबल रिकामेच का?

प्रेषक: नीलिमा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

माझी मुलगी येथे अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेत काम करते तेथील कर्मचाऱ्यांनी गुप्त मतदानाने युनियन निवडली. कंपनीने मतदानावर घेतलेली हरकत फेटाळली गेली, तरीही तिने बोलणी नाकारली, तेव्हा लेबर बोर्डाने (युनियन आणि मालक यांच्यातील तंटे हाताळणाऱ्या सरकारी संस्थेने) वाटाघाटी करण्याचा लेखी आदेश दिला. त्यालाही आता बरेच महिने उलटले आहेत आणि प्रकरण अपील न्यायालयात गेले आहे असे मुलगी सांगते. आदेश न पाळणाऱ्या कंपनीला दंड का होत नाही, हे कोणी समजावून सांगेल का? ठाण्यात माझ्या वडिलांच्या कारखान्याचे व्यवस्थापन औद्योगिक न्यायालयाला चांगलेच वचकून असे, त्यामुळे येथला हा ढिलेपणा मला उमगत नाही.

प्रेषक: प्रभाकर (निवृत्त वकील)

चि. नीलिमा, अनेक आशीर्वाद.

1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने बोर्डाला आदेश काढण्याचा अधिकार दिला, पण तो बजावून घेण्याची ताकद दिली नाही. बोर्ड दंड ठोठावू शकत नाही, आणि त्याचा आदेश मोडला म्हणून अवमानाची कारवाईही होत नाही. त्यासाठी बोर्डाला फेडरल अपील न्यायालयात अर्ज करावा लागतो. कंपनीलाही आदेशाविरुद्ध अपील न्यायालयातच दाद मागता येते, आणि तीसुद्धा जेथे तिचा व्यवसाय चालतो अशा कोणत्याही सर्किटमध्ये (अपील न्यायालयाच्या प्रादेशिक विभागात) किंवा वॉशिंग्टनच्या डीसी सर्किटमध्ये, म्हणजे सोयीचे न्यायालय निवडण्याची मुभा तिला आहेच. न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्यावर मात्र तो न्यायालयाचा हुकूम होतो आणि तो मोडणे हा अवमान ठरतो. केवळ अपील केल्याने बोर्डाच्या आदेशाला स्थगिती मिळत नाही असे कायदा म्हणतो खरा, पण ज्या आदेशाला दातच नाहीत त्याला स्थगिती मिळाली काय आणि न मिळाली काय!

तुझ्या वडिलांच्या वेळी महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटनेशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा होती, आणि औद्योगिक न्यायालयाचा तसा आदेश न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्याच कायद्यात होती. तो वचक तेथून आलेला.

परंतु शिक्कामोर्तब झाले म्हणजे करार झाला, असे मुलीने समजू नये. व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथील एच. के. पोर्टर कंपनीच्या कारखान्यात पोलाद कामगारांच्या युनियनला 1961 मध्ये मान्यता मिळाली. युनियनची वर्गणी पगारातून परस्पर कापून द्यावी या एका मागणीवर बोलणी अडली. ही कंपनी विमा, कर आणि धर्मादाय देणग्या पगारातून कापत होती, इतकेच नव्हे तर आपल्या दुसऱ्या काही कारखान्यांत वर्गणीही कापून देत होती. डॅनव्हिलला नकार देण्यामागे करारच होऊ नये एवढाच हेतू आहे, असा निष्कर्ष काढून बोर्डाने प्रामाणिकपणे बोलणी करण्याचा आदेश दिला आणि अपील न्यायालयाने 1966 मध्ये तो कायम केला. त्यानंतरही गाडे हलेना, तेव्हा बोर्डाने ही अट मान्य कराच असे फर्मावले. सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये हा दुसरा आदेश रद्द केला. बोर्ड दोन्ही पक्षांना बोलणी करायला लावू शकते, करारातील एकही अट त्यांच्यावर लादू शकत नाही, असा तो निकाल. 1935 च्या त्या कायद्यातील 1947 च्या दुरुस्तीची भाषा पाहता तो बरोबर आहे असे माझे मत आहे, पण वर्गणीच्या एका कलमावर आठ वर्षे घालवलेल्या कामगारांच्या हाती त्यातून काय पडले, हा प्रश्न मला आजही छळतो.

प्रेषक: अविनाश

प्रभाकरकाका, नमस्कार.

मी छोटा उद्योजक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मतदानात गैरप्रकार झाला असे मालकाला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर बोर्डाने युनियनला दिलेल्या मान्यतेच्या प्रमाणपत्राविरुद्ध त्याला थेट न्यायालयात जाता येत नाही. त्याने आधी बोलणी नाकारायची, आपल्यावर कायदा मोडल्याचा ठपका ओढवून घ्यायचा आणि मगच अपील करायचे, हा एकच मार्ग कायद्याने ठेवला असेल, तर त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला वेळकाढू म्हणणे न्याय्य नाही.

प्रेषक: प्रभाकर

चि. अविनाश,

तुझे म्हणणे रास्त आहे, आणि मार्ग तसाच आहे. अशा प्रकरणांत कंपनी नकार कबूलच करते, त्यामुळे बोर्डापुढे पुन्हा साक्षीपुरावे होत नाहीत. खरा वाद न्यायालयातच होतो, आणि तेथेही न्यायाधीश मतदानाचा पुरावा नव्याने तोलत नाहीत. बोर्डाच्या निष्कर्षाला संपूर्ण नोंदींमध्ये पुरेसा आधार आहे की नाही, एवढेच पाहतात. माझी तक्रार मार्गाबद्दल नसून तो फुकट असण्याबद्दल आहे. एक्स-सेल-ओ या कंपनीच्या प्रकरणात 1970 मध्ये बोर्डानेच ठरवले की, वेळेवर बोलणी झाली असती तर जी पगारवाढ मिळाली असती तिची भरपाई देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यामुळे हरणाऱ्या मालकाला वकिलांची फी सोडल्यास उशिराची झळ बसत नाही, आणि तोवर युनियनला मत दिलेली निम्मी माणसे नोकरी सोडून गेली तर उलट त्याचा फायदाच होतो. स्टेटन आयलंडवरील अ‍ॅमेझॉनच्या गोदामात एप्रिल 2022 मध्ये 2,654 विरुद्ध 2,131 मतांनी युनियन निवडून आली, पण हरकतींचा निकाल लागून प्रमाणपत्र मिळायला जानेवारी 2023 उजाडला. न्यायालयाची पायरी तर त्याच्याही पुढची.

नीलिमा, मुलीला दोन गोष्टी सांग. मान्यतेचे जे पहिले वर्ष युनियनला तिच्या मान्यतेला आव्हान देण्यापासून संरक्षण देते, ते अशा प्रकरणात कंपनी प्रामाणिकपणे बोलणीला बसेल तेव्हापासून मोजले जाते, त्यामुळे वेळ वाया गेला म्हणून कोणी हातपाय गाळू नयेत. दुसरे, या काळात कंपनीने पाळ्या, विम्याचे हप्ते किंवा सुट्ट्यांचे नियम युनियनला न विचारता बदलले, तर युनियनने सहा महिन्यांच्या आत बोर्डाकडे वेगळी तक्रार नोंदवावी. अशा बदलामुळे झालेले नुकसान मात्र बोर्ड भरून देववू शकते, म्हणून जुनी वेळापत्रके आणि पगाराच्या चिठ्ठ्या सर्वांनी जपून ठेवाव्यात. प्रकरण कोणत्या सर्किटमध्ये आहे ते कळव, म्हणजे तेथील अलीकडचे निकाल पाहून पुढे लिहीन.