बुलेट ३५०: ऑइल पंपाच्या स्पिंडलचे दाते दुसऱ्यांदा झिजले

प्रश्न – कृष्णाकाठ
नमस्कार. माझ्याकडे १९८९ची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० आहे. दिवाळीनंतर इंजिन पूर्ण उघडून बोअर, पिस्टन, बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाचा) बुश असे सगळे काम करून घेतले. साधारण ४०० किलोमीटर झाल्यावर वरच्या बाजूने कोरडा खडखडाट येऊ लागला, म्हणून रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या भागांना) ऑइल नेणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) चालू इंजिनावर सैल करून पाहिला, तर तेथे थेंबही येईना. टायमिंग कव्हर (ऑइल पंप असलेले बाजूचे झाकण) काढले तेव्हा पंपाच्या स्पिंडलचे (पंप चालवणाऱ्या दांड्याचे) दाते पात्यासारखे धारदार झालेले होते. गॅरेजमध्ये नवा स्पिंडल बसवला, पण ६०० किलोमीटरमध्ये त्याचीही तीच गत झाली. वर्म (स्पिंडलला फिरवणारा, क्रँकच्या टोकावरचा स्क्रूसारखा गिअर) मात्र जुनाच आहे. दाते झिजल्यामुळे ऑइल थांबते, की ऑइलच्या मार्गातील दोषामुळे दाते झिजतात, हे कळत नाही. तिसरा स्पिंडल आणण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर – टायमिंग साइड
सर्वप्रथम एक विनंती: गाडी आता थोड्या अंतरासाठीही चालवू नका. फीड (इंजिनाला ऑइल पुरवणारा) आणि रिटर्न (ऑइल परत नेणारा) हे दोन्ही पंप त्या एकाच स्पिंडलवर चालतात, त्यामुळे दाते गेले की रॉकरबरोबर बिग एंडचेही ऑइल बंद होते, आणि तुमचा बुश तर नवा आहे.

दाते हे बहुधा मूळ दुखणे नसून लक्षण असते. पंपाची डिस्क (बैठकीवर हलणारी चकती) किंवा प्लंजर (ऑइल ढकलणारा दट्ट्या) कोठे अडकत असेल, तर तो सगळा ताण वर्म आणि स्पिंडलच्या दात्यांवर येतो. बोअर केल्यानंतर तेलाचे मार्ग नीट धुतले नाहीत तर होनिंगची (बोअर घासून नीट करण्याच्या कामातली) बारीक खर पंपात जाते, आणि माझ्या पाहण्यात हेच कारण सर्वाधिक आले आहे. दोन्ही डिस्क काढून त्यांच्या बैठका उजेडात तिरप्या धरून पाहा. बैठकीवर गोल ओरखडे दिसले, तर डिस्क बारीक पेस्टने घासून बसवावी लागेल, आणि त्यानंतर पेस्टचा कणही राहू नये. वर्म जुना ठेवून नवा स्पिंडल बसवणे ही चूक आहे, कारण झिजलेला वर्म नव्या दात्यांना कापतो. वर्मचा नट डाव्या आट्यांचा असतो, तो नेहमीच्या दिशेने सोडवू पाहू नका.

उत्तर – माणदेशी
वरील मताशी सहमत आहे, परंतु कव्हरमधील स्पिंडलचे छिद्रही तपासायला हवे. स्पिंडल ॲल्युमिनियमच्या कव्हरातच फिरतो. ते छिद्र मोठे झाले की स्पिंडल वर्मपासून दूर सरकतो, दात्यांची केवळ टोके एकमेकांना लागतात आणि मग दाते नेमके तुम्ही सांगता तसे धारदार होतात. स्पिंडल बसवून तो बोटाने वर-खाली हलवा. स्पष्ट खेळ जाणवला तर कव्हरला बुश घालून घेणे भाग आहे.

फेल्ट फिल्टरवर साचलेली पूड पांढऱ्या कागदावर झटकून तिच्याजवळ चुंबक न्या. चिकटली तर ती दात्यांच्या पोलादाची असण्याचा संभव अधिक. न चिकटणारी राखाडी चमक दिसली, तर पिस्टन आणि बिग एंडकडे पाहावे लागेल. क्रँकच्या टोकाशी बसणारा कॉर्कचा सील मात्र या खेपेला न विसरता बदला, कारण तो गळत असेल तर फीड पंप उत्तम असूनही बिग एंडपर्यंत पुरेसे ऑइल पोहोचत नाही.

कृष्णाकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज कव्हर बाकावर ठेवून पाहिले. स्पिंडल एका टोकाला उघड हलतो, आणि रिटर्नच्या डिस्कखाली नखाने जाणवेल अशी एक आडवी चीर आहे. पूड चुंबकाला चिकटली. कव्हर बुशिंगसाठी लेथवर दिले असून वर्म आणि स्पिंडल जोडीने मागवले आहेत. सुरू करण्यापूर्वी फिल्टरच्या खोलीत ऑइल भरावे का?

टायमिंग साइड
अवश्य भरा. सुरू केल्यावर मंद गतीवर कव्हरचा फीड प्लग किंचित सैल करून ऑइल बाहेर येते का पाहा, आणि ते आल्याखेरीज इंजिनाची गती वाढवू नका. नंतर रॉकरची नळी तपासा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर फिल्टर काढून ती पूड पुन्हा कागदावर झटका आणि काय दिसते ते येथे लिहा.