मदत हवी आहे: उतारावरच्या बागेसाठी कोणती एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी चारचाकी बाइक) घ्यावी?

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमची हापूस-काजूची बाग आहे, सगळी उतारावर. वरच्या टप्प्याकडे जाणारी वाट जेमतेम बैलगाडीएवढी रुंद, मध्येच जांभ्याचा उघडा कातळ आणि दोन अवघड वळणं. एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट डोक्यावरून खाली आणायला आता माणसं मिळत नाहीत, आणि जीप तिथे वळतच नाही.

बहुतेक एटीव्हींना रस्त्याचं पासिंग मिळत नाही हे ठाऊक आहे. गाडी बागेबाहेर काढायचीच नाही.

पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० मनात आहे: ५६७ सीसी, ४४ हॉर्सपॉवर, गरजेला चारही चाकांना ताकद. किंमत ऐकून बाबांनी चष्माच काढून ठेवला. भाऊ म्हणतो, जुनी २५० सीसीची चेनवाली घे, मागच्या दोन चाकांवर चालणारी. मला ते पटत नाही. चढावर पुढची चाकं आधीच हलकी होतात, मागे क्रेट लादले तर विचारूच नका.

खरी धास्ती उतरतानाची. बेल्टवाल्या ऑटोमॅटिकमध्ये थ्रॉटल सोडला की क्लच सुटून गाडी मोकळी धावू शकते, म्हणून इंजिन ब्रेकिंगवालीच (थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनच्या रोधाने वेग आवरणारी) घ्यावी का? ओल्या मुरुमावर तेवढं पुरतं का? क्रेट दोन्ही रॅकवर वाटून ठेवावेत की मागे छोटी ट्रॉली जोडावी? आणि बेल्ट, सुटे भाग चिपळूण-रत्नागिरीकडे मिळतात का, की दर वेळी मुंबई गाठायची?

डोंगरउतारावर प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी सांगा. कुणाला जुनी फोर-व्हील ड्राइव्हवाली विकायची असेल तरी कळवा.