ट्रोजन स्वतःहून पसरत नाही म्हणतात, मग दुसऱ्या पीसीवर गेला कसा?

निळापडदा:
व्हायरस फायलींना चिकटतो, वर्म नेटवर्कवरून आपला आपण पळतो आणि ट्रोजन मात्र माणसाने डबलक्लिक केल्याशिवाय हलत नाही, हे सगळीकडे वाचायला मिळतं. आता समजा, एकाच राउटरवर दोन विंडोज पीसी आहेत. एकावर वर्डचं अटॅचमेंट उघडलं आणि तिसऱ्या दिवशी डिफेंडरने (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) दुसऱ्यावरही तोच ट्रोजन दाखवला. दुसऱ्यावर कोणी काही उघडलेलं नाही असं धरा. हे होतं कसं? आणि फक्त पहिला फॉरमॅट केला तर भागेल का?

पोर्ट४४५:
व्याख्या बरोबर आहे, पण पहिल्या पायरीपुरती. आत शिरायला ट्रोजनला तुमचा हात लागतो. एकदा शिरला की पुढचे भाग तो स्वतः उतरवून घेतो आणि त्यातला एखादा सरळ वर्मसारखा वागतो.

इमोटेट या ट्रोजनचंच बघा. २०१४ मध्ये बँकेचे लॉगिन चोरणारा म्हणून आला, नंतर दुसऱ्यांचा माल पोचवणारा हमाल झाला: आधी इमोटेट, त्याच्या पाठीवरून ट्रिकबॉट, आणि शेवटी फायली कुलूपबंद करणारा र्‍यूक. वर्ड फाइलमध्ये 'एनेबल कंटेंट' दाबलं की मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्राम, विंडोजमधल्या पॉवरशेल या आज्ञा चालवणाऱ्या साधनाला कामाला लावतो. पॉवरशेलकडे हॅक झालेल्या वेबसाइटचे बरेच पत्ते असतात. एक बंद पडला तर पुढचा. तिथून मुख्य प्रोग्राम येतो, ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात भलत्याच नावाने बसतो आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्याच्या) 'रन' कीमध्ये नोंद करतो, म्हणजे दर लॉगिनला आपोआप चालू. ॲडमिनचे हक्क हाती लागले तर सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, म्हणूनच बसतो. मॉड्यूल, म्हणजे एकेक काम करणारे जोडभाग, त्यानंतर येतात.

पसरवणारं मॉड्यूल शेजारच्या मशीनवर सोप्या पासवर्डांची यादी एकेक करून लावून बघतं. जुळलं की 'ॲडमिन डॉलर' किंवा 'सी डॉलर' या लपलेल्या शेअरवर (नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरवर) स्वतःची प्रत टाकून तिथे सर्व्हिस चालू करतं. डबलक्लिकची गरजच उरत नाही. खूण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडते: सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची रांग, आणि सिस्टिम लॉगमध्ये ७०४५, म्हणजे नवी सर्व्हिस. ऑफिसात एकाएकी बऱ्याच जणांची खाती लॉक व्हायला लागली तर आधी हेच तपासावं.

शंकेखोर:
वरचं डोमेन असलेल्या, म्हणजे सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात असलेल्या, ऑफिसला लागू पडतं, घरच्या दोन पीसींना सहसा नाही. डोमेन नसेल तर साध्या लोकल ॲडमिन खात्याला नेटवर्कवरून पूर्ण ॲडमिन हक्क विंडोज मुळातच देत नाही. यूएसीची, म्हणजे ॲडमिन कामाआधी परवानगी विचारणाऱ्या विंडोजच्या पहाऱ्याची, ती मर्यादा आहे. पासवर्डच नसलेल्या खात्याने तर नेटवर्कवरून लॉगिनच होत नाही. मूळचं 'ॲडमिनिस्ट्रेटर' खातं याला अपवाद, पण ते बंद असतं. अर्थात 'शेअरिंग चालत नाही' म्हणून कोणी यूट्यूब बघून रजिस्ट्रीतली ही मर्यादा उठवली असेल तर दार उघडंच.

घरी जास्त शक्यता मेलची. २०१८ पासून इमोटेट आउटलुकमधून मागच्या १८० दिवसांच्या मेलचा मजकूरही उचलायला लागला. मग चालू असलेल्या संभाषणालाच उत्तर आल्यासारखा मेल येतो: विषय तोच, खाली जुना मजकूर, वर 'सोबतची फाइल बघा'. पाठवणारा ओळखीचा, म्हणून हात आपोआप जातो. 'कोणी काही उघडलं नाही' यावर म्हणूनच फार विसंबू नये.

निळापडदा:
मॅक्रो तर मायक्रोसॉफ्टने बंद केले ना? आणि पेनड्राइव्हचं काय?

झिपफाइल:
२०२२ मध्ये बंद केले, पण ज्या फाइलवर 'इंटरनेटवरून आलेली' असा शिक्का असेल तिच्यापुरते. हा शिक्का एनटीएफएसमध्येच, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्येच, टिकतो. फॅट३२ किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर फाइल टाकली की तो गळून पडतो, आणि दुसऱ्या पीसीवर पिवळी पट्टी दिसून मॅक्रो एका क्लिकवर चालू. जुनं सेव्हन-झिप झिपमधून काढलेल्या फाइलवर शिक्का लावतच नव्हतं. २०२२च्या नोव्हेंबरात तर इमोटेटची एक्सेल फाइलच सांगायची की मला ऑफिसच्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरात टाकून उघडा. ते विश्वासाचं ठिकाण, तिथे मॅक्रोला अडवणारं कोणी नाही. मार्च २०२३ मध्ये गडी वननोटच्या फायलींतून यायला लागला.

पेनड्राइव्हचा ऑटोरन (लावताच आपोआप चालणं) २०११ पासून बंद आहे. झेरॉक्सच्या दुकानातून जे चिकटून येतं त्याची युक्ती वेगळी: तुमचे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावांचे शॉर्टकट ठेवायचे. क्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते, मग फोल्डरही उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर हात आवरा. व्ह्यू मेनूत 'हिडन आयटेम्स' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दोन्ही चालू ठेवा, नाहीतर 'बिल डॉट पीडीएफ डॉट इएक्सई' हे नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं.

पोर्ट४४५:
@शंकेखोर, मान्य, यूएसीचं लिहायला हवं होतं.

फॉरमॅटबद्दल: एकच केला तर दुसरा त्याला परत लावू शकतो. दोन्हींची केबल काढा, वायफाय बंद करा, आणि दोन्ही साफ होईपर्यंत जोडू नका. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करा. पीसी रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं चालतं. ज्यावर फाइल उघडली तो मात्र पुसून विंडोज नव्याने टाकलेलाच बरा, कारण मागून आणखी काय उतरलंय ते स्कॅनमध्ये सगळं दिसेलच असं नाही. बॅकअप घेताना कागदपत्रं आणि फोटोच घ्या, सेटअप फायली नकोत.

पासवर्ड बदलायचे ते या दोघांवरून नाही, तिसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. आधी मेलचा, मग बँकेचा. मेलच्या सेटिंगमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग नियम दिसला तर काढा आणि 'सगळीकडून लॉग आउट' करा. चोरलेली ब्राउझर कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते.