गावातल्या जवानासाठी वेशीवर कमान बांधायची की अभ्यासिका? मनापासून मत सांगा

डोंगरकडा
आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. घरटी एक माणूस मिलट्रीत म्हटलं तरी चालेल. मागच्या वर्षी आमच्यातला एक पोरगा वर बर्फात ड्युटीवर असताना गेला, वय सव्वीस. पार्थिव आलं त्या दिवशी आख्खा तालुका लोटला होता, शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झेंडे घेऊन उभी, फुलांचा खच. आता गावानं वर्गणी काढलीय, पावणेपाच लाख जमलेत आणि ग्रामसभेत दोन तट पडलेत. एक म्हणतात वेशीवर त्याच्या नावाची मोठी कमान. आम्ही काहीजण म्हणतोय की त्या पैशात भरतीच्या पोरांसाठी अभ्यासिका करू, त्याच्या नावानं.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्ष झालं, त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, कागदात नावाच्या एका अक्षराचा फरक निघालाय, तेवढ्यासाठी एका कार्यालयात सहा हेलपाटे झाले, दोनदा मी स्वतः गाडीवरून घेऊन गेलो. अंत्ययात्रेला ज्यांनी वीस-वीस फुटाचे फ्लेक्स लावले त्यातला एकपण बरोबर आला नाही. मागं राहिलेल्या माणसाला दारोदार फिरावं लागत असेल तर कमानीखालून जाताना मला तर मान वर करवणार नाही.

सुभेदार_निवृत्त
भाऊ, तुमची तळमळ कळते, पण दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकात कालवताय. लष्करी कारवाईत गेलेल्या जवानाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब पेन्शन असते, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. तो तिचा हक्क आहे, तो सन्मान नव्हे. कागद अडला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावा, सैन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, मी लिहून देतो. पण हक्काचे पैसे मिळाले म्हणजे मान दिला असं होत नाही.

मी 24 वर्षं नोकरी केली. आपल्या देशाला स्वतःचं राष्ट्रीय युद्ध स्मारक कधी मिळालं माहितीय? 25 फेब्रुवारी 2019 ला. तोपर्यंत आम्ही इंडिया गेटपुढं सॅल्यूट मारायचो, जे इंग्रजांनी त्यांच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांकरता बांधलं, 1931 ला पूर्ण झालं. 71 च्या लढाईनंतर 26 जानेवारी 1972 ला तिथं अमर जवान ज्योती पेटवली, म्हणजे आपली ज्योत, पण जागा त्यांनी बांधलेली. नवीन स्मारक झाल्यावर मी मुद्दाम दिल्लीला गेलो. तिथं त्यागचक्र आहे, गोल भिंतीत ग्रॅनाइटच्या विटा, एका विटेवर एक जवान, पंचवीस हजारांच्या वर नावं. माझ्या युनिटच्या एका पोराचं नाव शोधायला मला दीड तास लागला. सापडलं तेव्हा त्या विटेवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो, जानेवारीतला गार दगड, बोलायला शब्द येईनात. अभ्यासिकेच्या बोर्डावर हात ठेवून असं उभं राहता येत नाही. कमान व्हायलाच पाहिजे.

ओढ्याकाठची
सुभेदार काका, दगडाचं म्हणाल तर आमच्या गावात आधीपासून आहेत हो. मारुतीच्या देवळामागं तीन वीरगळ पडलेत, म्हणजे लढताना गेलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. लहानपणी आम्हाला कुणी सांगितलंच नाही ते काय आहे, म्हाताऱ्या बायका म्हणायच्या पांडवांच्या वेळचे. एकाला शेंदूर फासलेला आणि एक तर ओढ्यावर पालथा घालून त्यावर धुणं धुवायचे, मी स्वतः धुतलंय. कॉलेजला गेल्यावर कळलं की खालच्या चौकटीत लढाई असते, आमच्याकडच्या एकात तर गाईपण कोरल्यात, म्हणजे गाई सोडवताना गेलेला कुणीतरी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला आणि कडेला चंद्र-सूर्य, ते असेपर्यंत याची कीर्ती राहील म्हणून. आणि त्यावर नाव नाही. कीर्ती राहू दे, नावसुद्धा राहिलं नाही. म्हणून म्हणते, नुसता दगड उभा करून होत नाही, सांगणारं तोंड पाहिजे. दरवर्षी त्या तारखेला शाळेत त्याची गोष्ट सांगा, कुठल्या बाकावर बसायचा, कुठल्या रस्त्यानं पळायचा.

सुभेदार_निवृत्त
ताई, तुमच्याच उदाहरणात माझं म्हणणं आहे. सांगणारी तोंडं कधीच गेली, पण कुणीतरी गाईंसाठी जीव दिला हे इतक्या शतकांनी तुम्हाला कळलं ते कशामुळं? त्या दगडामुळंच. नाव कोरलं असतं तर नावही कळलं असतं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. इंग्रजांनी तिथं स्मृतिस्तंभ उभारला, आज शंभर वर्षांनी गावातली पोरं त्याच्यापुढून पळत भरतीची तयारी करतात. तो दगड नसता तर 46 हा आकडा तरी कुणी लक्षात ठेवला असता का?

फौजीची_लेक
सगळं वाचलं. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, म्हणून जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

कमान की अभ्यासिका यावर इतके जण बोलले पण वहिनींना विचारलं का हे एकानंही लिहिलेलं नाही. आमच्याकडं पण असंच झालं. पार्थिव आलं, आईला बाबांचं तोंड पाच मिनिटं एकटीला बघायचं होतं, तेवढंच मागत होती ती. नाही मिळालं. गर्दी, कॅमेरे, पुढारी, कुणीतरी मला उचलून पेटीजवळ धरलं आणि फोटो काढला. तो फोटो अजून दरवर्षी आमच्या तालुक्यातल्या बॅनरवर असतो, रडणारी चार वर्षांची मी. आम्हाला कधी विचारलं नाही.

आणि राष्ट्रानं मान द्यायचं म्हणता तर हेही माहीत असू द्या. शौर्यपदकाबरोबर जो दरमहा भत्ता मिळतो, तो विधवेनं दुसरं लग्न केलं तर बंद व्हायचा, दिराशी केलं तरच चालू राहायचा. हा नियम नोव्हेंबर 2017 मध्ये काढला. 2017! माझी आई तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढं गेली होती. अठ्ठावीस वर्षांच्या बाईच्या आयुष्याचा निर्णय एका ओळीनं होऊन गेला. मला कमान नको, असे नियम एकेक करून शोधून काढणारी माणसं पाहिजेत.

लेस्टरकर
ताई, वाचून गलबलून आलं.

मी इंग्लंडमध्ये अकरा वर्षं आहे, इथलं सांगतो. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता दोन मिनिटं सगळं थांबतं, सुपरमार्केटमध्ये ट्रॉली धरून माणसं जागच्या जागी उभी राहतात. भाषण नाही, घोषणा नाही. काही दिवस आधीपासून छातीवर कागदी पॉपी, म्हणजे लाल खसखशीचं फूल, त्याचे पैसे माजी सैनिकांसाठी जातात. खेड्यापाड्यात चर्चजवळ छोटा दगडी क्रॉस, त्यावर त्याच गावची नावं. मला वाटतं आपण आवाज फार करतो. शांतता हाच मान.

खडकीवाला
शांततेचं म्हणाल तर आपल्याकडं पण आहे की. 30 जानेवारीला सकाळी 11 ला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळायची असते, भोंगा पण होतो. रस्त्यावर किती जण थांबतात? आणि 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून आहे, त्याचेही पैसे सैनिकांच्या कुटुंबांसाठीच असतात. शाळेत आपण स्टिकर घेतलेत, मोठं झाल्यावर कोण घेतं? पद्धत बाहेरून आणायची गरज नाही, आहे ती पाळूया.

पुण्यात खडकीला माझ्या घराजवळ युद्ध दफनभूमी आहे, सगळे दगड एका मापाचे, अधिकारी असो की साधा शिपाई. गवत कायम कापलेलं. हे मला सगळ्यात पटतं, की मेल्यावर हुद्दा नाही आणि देखभाल कायमची. इथल्याच घोरपडीचं सैन्याच्या दक्षिण कमांडचं स्मारक तर नागरिकांच्या वर्गणीतून झालंय, 1998 ला. म्हणजे लोकांच्या पैशातून चांगलं काम होतं, फक्त पुढची पन्नास वर्षं रंग कोण देणार ते आधी ठरवा.

जुनी_पेटी
कमान नको म्हणणाऱ्यांसाठी एकच सांगायचंय. माझे चुलते 71 ला गेले. तेव्हा पार्थिव घरी आणत नव्हते, तिकडंच अग्नी द्यायचे, घरोघर आणायला लागले ते कारगिलपासून. आमच्याकडं आधी तार आली आणि दोन महिन्यांनी काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत एक स्वेटर, दाढीचं सामान, आजीला लिहायला घेतलेलं अर्धं पत्र. आजीनं शेवटपर्यंत मानलं नाही. 1994 ला वारली, तोपर्यंत एस्टीचा आवाज आला की दारात यायची. तिला फूल वाहायला एक जागा असती तरी चाललं असतं. यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉसवाले, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालेले, 1944 ला इटलीत पडले, त्यांचीही कबर नाही, तिकडं कॅसिनो गावच्या युद्ध स्मारकावर नुसतं नाव आहे. म्हणून माणगावचा त्यांचा पुतळा मला फालतू खर्च वाटत नाही. ज्या घराला राखसुद्धा मिळाली नाही त्यांना दगड लागतो हो.

डोंगरकडा
ताई, तुमचं वाचून मला लाज वाटली, खरंच विचारलं नव्हतं. काल संध्याकाळी आईला बरोबर घेऊन वहिनींकडं गेलो. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, कमान नको, तिच्याखालनं उसाचे ट्रक जाणार, धूळ बसणार, इलेक्शनला तिच्यावरच बॅनर लटकवणार. शाळेच्या मैदानाच्या कडेला तो पहाटे पळायला जायचा तिथं चिंच आहे, तिच्याखाली छोटा दगड लावा, आणि एकट्याचं नाव नको, गावातनं आजवर गेलेल्या सगळ्यांची. 62 पासूनची पाच नावं निघतात, त्यातल्या दोघांचे फोटोपण कुणाकडं नाहीत. उरलेल्या पैशाचं काय ते ग्रामसभेत बघू, अभ्यासिका मी अजून सोडलेली नाही.

सुभेदार_निवृत्त
वहिनींचा शब्द शेवटचा, मान्य. तरी मला वेशीवरच हवं होतं, सुट्टीवर येणाऱ्या पोराला एस्टीतनं उतरल्या उतरल्या दिसलं असतं. असो. नावापुढं हुद्दा, युनिट आणि तारीख घालाच, अक्षरं खोल कोरून घ्या, नुसता रंग दोन पावसाळ्यात जातो. आणि कोरायच्या आधी पाचही घरांतून स्पेलिंग तपासून आणा, एका अक्षराचा फरक दगडावर तरी राहू नये. वहिनींच्या अर्जाची झेरॉक्स मला पाठवा, सोमवारी मी स्वतः बरोबर येतो.