दादाला 35 टक्क्यांचा दाखला मिळालाय, वकील म्हणतात 12च धरणार. हे बरोबर आहे का?

कृष्णाकाठची
नमस्कार. माझा दादा फरशी बसवायचं काम करतो, वय 38, महिन्याला साधारण 18 हजार सुटायचे. दीड वर्षापूर्वी रात्री घरी येताना उसाच्या ट्रॉलीला गाडी धडकली, ट्रॉलीला मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. डाव्या पायात रॉड आहे, गुडघा पूर्ण वाकत नाही. अपघाताच्या भरपाईची, म्हणजे क्लेमची केस चालू आहे. आता सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला आला, त्यावर "डावा पाय 35 टक्के" लिहिलंय. समोरचे विमावाले म्हणतायत की एका पायाचं 35 म्हणजे अख्ख्या शरीराचं 12 टक्केच, आणि आमचे वकील पण मान डोलावतायत. पण दादाचं काम तर पूर्णच बंद झालंय हो, मग 12 टक्के कसलं??

कोर्टवारी
ताई, मी 11 वर्षं क्लेमच्या वकिलांकडं कारकून आहे, रोज हेच बघतो. पायाचे टक्के म्हणजे शरीराचे टक्के नाहीत एवढं विमावाल्यांचं म्हणणं खरं आहे, पण गोष्ट तिथं संपत नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल आहे, त्यात सरळ म्हटलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं, आणि कमाईचं नुकसान डॉक्टर नाही तर कोर्ट ठरवणार. माणूस आधी काय काम करायचा, आता त्यातलं काय जमतं, दुसरं काही करून पोट भरता येईल का, हे बघायचं. त्यातच उदाहरण दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळी जाईल पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. मात्र हे दोन्हीकडून चालतं हं, त्या केसमधल्या माणसाच्या पायाचा दाखला 45 चा होता आणि कमाईचं नुकसान 20च धरलं.

फरक किती पडतो बघा. 18 हजारात पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे (स्वतःचा धंदा, वय 40 च्या आत म्हणून), वर्षाचे झाले 3 लाख 2 हजार 400, त्याला वयावरून ठरलेला गुणक 15 लावायचा, म्हणजे 45 लाख 36 हजार. त्याचे 12 टक्के साडेपाच लाखाच्या आत आणि 60 टक्के धरले तर 27 लाखाच्या वर. दवाखान्याचा खर्च वेगळा. म्हणून नुसता दाखला लावून गप्प बसू नका, डॉक्टरांना साक्षीला बोलवा, आणि ज्या ठेकेदाराकडं दादा कामाला जायचा त्याला पण.

फिजिओ_मिरज
ताई एक विचारते, तपासणीच्या वेळी तुम्ही आत होतात का? पायाचं मोजमाप दोन भागात होतं. एक, सांधा किती अंश वाकतो आणि स्नायूत ताकद किती. दुसरं, तोल आणि वावर, त्यात सपाटीवर चालणं, उतार, जिने, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं, प्रत्येकाला 10 गुण. फरशीवाल्याचा तर अख्खा दिवस उकिडवा जातो, तेच नीट तपासलंय का ते बघा.

कृष्णाकाठची
मी आत होते आणि तेच डोळ्यासमोर येतंय. डॉक्टरांनी विचारलं मांडी घालता येते का, तर दादा म्हणाला "जमतं की" आणि टेबलाचा कोपरा धरून कसाबसा बसला, घामानं शर्ट भिजला होता. चारचौघात "येत नाही" म्हणायला त्याला जड जातं, घरी परत येईपर्यंत बोलला नाही.

फिजिओ_मिरज
बहुतेक कष्टकरी पुरुष असंच करतात, आणि मग कागदावर "जमतं" लागतं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडं जा, कोन मोजून लिहून घ्या, आधाराशिवाय बसता येतं का आणि किती मिनिटं ते पण लिहायला सांगा. वकिलांमार्फत कोर्टाकडं मेडिकल बोर्डाकडून फेरतपासणी मागता येते. पण वाढवून काही सांगू नका, ताकद तपासताना मुद्दाम ढिलं सोडलं की आमच्या लगेच लक्षात येतं.

सेंटरिंगवाला
माझा खांद्याचा क्लेम झालाय. एका एजंटनं सांगितलेलं हात वरच करू नको म्हणून, मी ऐकलं नाही. उलटतपासणीत विचारलं हात खांद्यापर्यंत जातो का, मी म्हणालो जातो पण प्लायवूड उचलून डोक्यावर धरता येत नाही. जजसाहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दादाला पण असंच कामाच्या भाषेत बोलायला सांगा, फरशीचा गठ्ठा उचलणं, गुडघ्यावर सरकत मागं येणं, सिमेंटचं घमेलं.

कृष्णाकाठची
खूप आभार सगळ्यांचे. दादाची कामाची वही सापडली, कुणाच्या बंगल्यात किती फूट फरशी आणि किती पैसे सगळं तारखेनिशी आहे. सोमवारी डॉक्टरांकडं नेते. जुने एक्स-रे पण न्यायचे का?

फिजिओ_मिरज
हो, सगळे. अपघाताच्या रात्रीचा पहिला तर आठवणीनं.