पुढचं पुस्तक मतदानाने ठरवायचं की पाळीने?

मुळाकाठ:
आपल्या वाचनगटाचं जानेवारीचं पुस्तक ठरायचंय आणि परत मतदानाची यादी फिरायला लागली आहे, म्हणून हा धागा. यादीत 'कोसला' आहे, 'ययाति' आहे. म्हणजे सगळ्यांनी कॉलेजात वाचलेलं, किंवा वाचलंय असं सांगितलेलं. माझं म्हणणं सरळ आहे: मतदान बंद करा. दर महिन्याला एकाने पाळीने पुस्तक निवडावं. निवडणाऱ्याने ते आधी शेवटपर्यंत वाचलेलं असावं आणि रविवारच्या चर्चेत बोलायला सुरुवातही त्यानेच करावी.

मतदानात माणूस पुस्तकाला मत देत नाही, नावाला देतो. ओळखीचं नाव जिंकतं, मग त्यावर ओळखीचंच बोललं जातं. मागच्या खेपेला हिरिरीने मत देणारे कितीतरी जण रविवारी फिरकलेच नाहीत. जे आले त्यांच्यातल्या एकाने 'मानवी मनाचे तरल पदर उलगडणारी कलाकृती' असं सुनावलं. मी हातातलं पुस्तक उलटून पाहिलं. मलपृष्ठावर हेच वाक्य, स्वल्पविरामासकट.

जानेवारीची पाळी मी घेते. उद्धव शेळके यांची 'धग'. १९६०ची कादंबरी आहे. विदर्भातलं खेडं, हातावर पोट असलेलं शिंप्याचं घर. नवरा महादेव कामचुकार, आणि बायको कौतिक संसार उभा करायला जिवाचं रान करते. हरकती येऊ द्या.

पुणे३०:
हरकत आहे. मतदान बंद म्हणजे काय? एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी महिनाभर मुकाट वाचायचं, याला आमच्या पेठेत दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. मतदानाने निदान दोष वाटला जातो. पुस्तक फसलं तर 'आपण' फसलो. पाळीत फसलं तर 'मुळाकाठ यांचं' पुस्तक फसलं आणि पुढच्या वेळी त्या बाईंनी तोंड उघडायची पंचाईत.

शिवाय 'कोसला'ला नावं ठेवू नका. १९६३ साली ती आली तेव्हा ती काय होती हे तुम्हाला आता सांगूनही कळायचं नाही. पुण्यात शिकायला आलेल्या खेड्यातल्या पोराला पहिल्यांदा आपल्यासारखं बोलणारं पुस्तक सापडलं.

मुळाकाठ:
काका, 'कोसला'ला कोण नावं ठेवतंय? तिचा नायक पांडुरंग सांगवीकर मलाही पाठ आहे. म्हणूनच नको. त्यावर बोलताना सगळे स्वतःच्या होस्टेलच्या आठवणी सांगतात, मेसमधल्या आमटीपर्यंत. कादंबरी बाजूलाच राहते. फसलं तर माझ्या नावावर फसू दे की. नाव लागणार म्हटल्यावर माणूस जरा विचार करून निवडतो.

रात्रपाळी:
दोघांचंही पटतंय, म्हणजे कोणाचंच नाही :)
माझी अडचण वेगळी. हिंजवडीहून घरी पोचेस्तोवर आठ वाजतात. मागे ती सहाशे पानांची कादंबरी घेतली होती आठवतं? शंभराव्या पानाच्या आसपास निम्मा गट गारद. मतदान करा, पाळी करा, चिठ्ठ्या टाका, पण आधी पानांची मर्यादा घाला. दोनशेच्या आत. 'रणांगण' घ्या ना. विश्राम बेडेकर, १९३९. एका शनिवार-रविवारात होते.

वऱ्हाडची_लेक:
'धग'ला माझं मत. आणि मतदान होणार नसेल तर मताशिवायचा आरडाओरडा.

बाणेरची_टेकडी:
'धग' वाचायला घेतली होती, सोडली. कथन प्रमाण मराठीत आहे, पण माणसं बोलायला लागली की वऱ्हाडी. दर ओळीला अडखळायला होतं. आपल्या गटात दोघी जणी बंगळुरात वाढलेल्या आहेत, त्यांना पुस्तकी मराठीच जेमतेम जमतं. त्यांचा विचार कोण करणार? आणि खरं सांगायचं तर अजून एक त्रास आहे. आपण सगळे फ्लॅटमधली माणसं. दारिद्र्यावरची कादंबरी घ्यायची, बाल्कनीत बसून हळहळायचं, 'अंगावर येते हो' म्हणायचं आणि पिझ्झा मागवायचा. गेल्या वर्षभरात हे आपण दोनतीनदा केलंय. मला त्याची लाज वाटायला लागली आहे.

वऱ्हाडची_लेक:
भाषेचं आधी. काहून भेता बावा? पंधरावीस पानं वाचा, मंग बोला! पुण्यातली माणसं परदेशी मालिकांमधली स्कॉटिश बोली खालची अक्षरं वाचत वाचत समजून घेतात आणि नागपूर-अमरावतीकडचं मराठी 'जड जातं' म्हणतात, याची मला दरवेळी गंमत वाटते. बंगळुरातल्या मैत्रिणींसाठी मी सुरुवातीचे संवाद मोठ्याने वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवते. कानावर पडलं की निम्मं काम होतं. ही बोली डोळ्यांनी वाचायची नाहीच, ओठ हलवत वाचायची.

आता हळहळीचं. तुमचं खरं आहे, पण ते कादंबरीपेक्षा आपल्याला जास्त लागू पडतं. कौतिक बिचारी नाही. तिच्यात ईर्ष्या आहे, हट्ट आहे, ती नवऱ्याला ढकलते, टोचते, त्याच्यावर पाणी सोडत नाही. महादेवाचा आळस आणि त्याचं लहरीपण शेळक्यांनी असं रंगवलंय की तुम्हाला त्याचा राग येईल, आणि मग राग आल्याचीही थोडी चीड येईल, कारण पुढे त्याच माणसाला महारोग होतो. तिथे नुसतं हळहळून भागत नाही. दोष नेमका कोणाचा यावर आपल्या गटात भांडण लागेल, लिहून ठेवा. मला तेच हवंय.

पुणे३०:
पुढे काय होतं ते सांगून टाकलंत.

वऱ्हाडची_लेक:
काका, पासष्ट वर्षं झाली पुस्तकाला. रहस्यकथा नाही ती.

शब्दखाऊ:
पीडीएफ आहे का कोणाकडे?

मुळाकाठ:
नाही, आणि असली तरी इथे टाकायची नाही. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात आपल्याकडे. शेळके, बेडेकर, कोणाचीच मुदत संपलेली नाही. बेडेकर १९९८ साली गेले. अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा, नाहीतर डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतोच. एका पिझ्झ्याच्या पैशात कादंबरी येते (बाणेरची_टेकडी यांची माफी मागून).

शब्दखाऊ:
बरं बरं. नुसतं विचारलं.

ओसरी:
मधेच तोंड घालते. वर्षभराची यादी काढून बघा. सगळे पुरुष लेखक. मतदानातून हे आपोआप होतं, कोणी मुद्दाम करत नाही. म्हणून मी पाळीच्या बाजूने आहे, पण जानेवारी मला द्या. 'स्मृतिचित्रे'.

लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र म्हणजे 'शाळेत धडा होता' असं म्हणून सोडून दिलेलं पुस्तक. धड्यात यायचं ते गमतीचं: वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा म्हणजे रेव्हरंड टिळकांचा विसरभोळेपणा. धड्याबाहेर काय आहे? नवरा ख्रिस्ती होतो आणि ही बाई लहान मूल घेऊन नातेवाइकांत राहते. आधी जातीबाहेर जायची नाही म्हणून अडून बसते, मग हळूहळू, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या कारणांनी पलीकडे जाते. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई हे लिहिते आणि कुठेही स्वतःची कीव करत नाही. १९३४ पासून चार भागांत आलं ते. त्या १९३६ सालीच गेल्या, म्हणजे शब्दखाऊंचं कामही सोपं: त्यांच्या लेखनाचा हक्क कधीच संपलाय.

मात्र आवृत्ती आधी ठरवा. संक्षिप्त निघालेली आहे आणि संपूर्णही. निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरी वाचली तर रविवारची अर्धी चर्चा 'हे माझ्यात नाहीच' यात जाईल.

रात्रपाळी:
संपूर्ण किती पानांची आहे हो?

ओसरी:
दोनशेच्या वर, बरीच. पण तुम्ही ती सोडायचा नाहीत.

रात्रपाळी:
हेच सहाशे पानवालीबद्दलही ऐकलं होतं.

उभा_वाचक:
मला हा पानांचा हिशोब कळत नाही. 'रणांगण' लहान आहे म्हणून घ्या हे कारण चुकीचं, पुस्तक बरोबर. युरोपातून परत येणाऱ्या बोटीवर एक मराठी तरुण, चक्रधर, आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू लोकांत असलेली हॅर्टा. प्रेमकथा म्हणून वाचायला घ्याल आणि थोड्या वेळाने लक्षात येईल की बोटीवर कुठल्याच देशाला नको असलेली माणसं आहेत. युद्ध सुरू झालं त्याच वर्षी हे मराठीत लिहून छापलं गेलं. आपली त्या वेळची बरीचशी कादंबरी अजून बंगल्याच्या दिवाणखान्यात चहा ओतत होती.

लहान पुस्तकाचा खरा फायदा हा की महिन्यात दोनदा वाचता येतं. पहिल्यांदा गोष्ट कळते. दुसऱ्यांदा चक्रधराचा संशय यायला लागतो. प्रेमाबद्दल हा माणूस स्वतःलाच फसवतोय का? पहिल्या वाचनात मला तो नायक वाटला होता. दुसऱ्या वाचनात मी त्याच्याशी हात मिळवला नसता. आपल्या गटात कोणी कधी पुस्तक दोनदा वाचून आलंय? मतदान की पाळी यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

वऱ्हाडची_लेक:
'रणांगण'ही चालेल. बेडेकर जन्माने अमरावतीचे. कसंही करून पुस्तक आमच्याकडेच येतंय!

बाणेरची_टेकडी:
भाषांतरं चालणार का? उमा कुलकर्णींनी कन्नडमधून केलेली भैरप्पांची पुस्तकं आहेत, बंगळुरातल्या दोघींना मुळातून वाचता येतील आणि आपल्याला मराठीतून. त्यावर बोलायला मजा येईल.

मुळाकाठ:
कल्पना चांगली आहे. तुमच्या पाळीला घ्या. बघा, हाच तर फायदा आहे. मतदानात हे कधीच जिंकलं नसतं.

पुणे३०:
तुम्ही सगळे पाळीचं गुणगान गाताय, एक गोष्ट कोणी बोलत नाही. पाळीत ज्याला पुस्तक सुचवायचा धीर नाही त्याचं काय? गटात निम्मी माणसं ऐकायला येतात. मतदानात ती एक बोट उचलतात, तेवढाच त्यांचा सहभाग. पाळी आली की घाबरून गट सोडतील. माझ्या शेजारच्या वहिनी आहेत, वाचतात भरपूर, पण कॅमेरा लावत नाहीत, बोलत नाहीत. त्यांना 'आता तुम्ही निवडा आणि सुरुवात करा' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्या दिसणार नाहीत. तुमच्या पद्धतीत बोलके लोक राज्य करणार. आणि बोलके लोक कोणती पुस्तकं निवडतात हे मी चांगलं ओळखून आहे, मी त्यांच्यातलाच आहे.

ओसरी:
हा मुद्दा मात्र खरा आहे.

मुळाकाठ:
आहे. मग असं करू: पाळी नको असेल त्याने सरळ 'पुढे' म्हणावं, कारण विचारायचं नाही. आणि निवडणाऱ्याला बोलायचं नसेल तर तीन प्रश्न लिहून पाठवावेत, सुरुवात दुसऱ्या कोणी करेल. वहिनींनी प्रश्न पाठवले तर मी वाचून दाखवते.

रात्रपाळी:
आणि पानं?

मुळाकाठ:
दोनशेच्या वरचं पुस्तक दोन महिन्यांचं. पहिल्या रविवारी अर्धं, पुढच्या महिन्यात उरलेलं. 'स्मृतिचित्रे' तशीच घेऊ, फेब्रुवारी-मार्च, संपूर्ण आवृत्ती. 'रणांगण' एप्रिलमध्ये, आणि उभा_वाचक यांची अट मान्य: दोनदा वाचून यायचं. पुस्तक वाचण्याऐवजी ऐकून येणाऱ्यांनाही बंदी नाही, डोळ्यांचा त्रास असलेले आपल्यात आहेत. जानेवारी 'धग'.

पुणे३०:
म्हणजे एप्रिलपर्यंतचं सगळं तुम्हीच ठरवून मोकळ्या झालात. हीच ती पाळी!

मी मतदानाच्याच बाजूने आहे आणि एप्रिलनंतर हा विषय पुन्हा काढणार आहे. बाकी 'धग'बद्दल सकाळी ग्रंथालयात फोन केला होता. एकच प्रत आहे आणि ती बाहेर गेलेली. कोणी नेली असेल तर वाचून लवकर परत करा, माझं नाव पुढचं आहे.