बालवाडीत हिसकाहिसकी थांबत नाहीये, काय करू?

परळची बालवाडी ताई: नमस्कार, माझ्या वर्गात २२ पोरं, खोली चाळीतली. एक चार वर्षांचा मुलगा रोज कुणाचेतरी ठोकळे हिसकावतो, मी 'सॉरी बोल' म्हणते, तो बोलतो आणि दोन मिनिटांत परत तेच. ओरडायचं नाहीये मला, पण समोरची रडते तेव्हा जीव तुटतो हो.

मुलुंडकर: ताई, सॉरी वदवून घेणं आधी बंद करा, त्यातून त्याला फक्त सुटायचं कसं ते कळतं. माँटेसरी वर्गात प्रत्येक साहित्याचा एकच संच ठेवतात, मुद्दाम, म्हणजे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबावंच लागतं. आणि ३ ते ६ वयाची मुलं एकत्र असतात, त्यामुळे मोठी आपसूक लहानांच्या चपलेचे पट्टे लावून देतात, कुणी सांगावं लागत नाही.

दादरची आजी: ३० वर्षं शिकवलंय मी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे मुलं येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी त्यातूनच आली. तसंच तुम्हीही त्या मुलाजवळ जा, खाली बसा, 'तुला लाल ठोकळा हवाय ना' एवढंच बोला, आणि त्याला रोजचं एक काम द्या, बाटल्या वाटायचं वगैरे.

परळची बालवाडी ताई: आजी, आज बाटल्या त्याच्याकडे दिल्या!! जिचे ठोकळे घ्यायचा तिचं झाकण घट्ट होतं, तर दातांनी उघडून दिलं त्याने.